माणसोपचार

भोरच्या बाजारपेठेत युसूफभाई आतारांचं बांगड्यांचं दुकान आहे. बांगड्या, कुंकू, अत्तर, केसांच्या पिना, सगळं एकाच फळीवर. एक काळ असा होता की बायका तिथं बांगड्या भरायला जायच्या आणि हात पुढे करता करता युसूफभाईंना दुखरा गुडघाही दाखवायच्या. युसूफभाई चष्मा कपाळावर सारून गुडघ्याकडे बघायचे, "सूज हाय," एवढंच म्हणायचे आणि आणखी अर्धा डझन बांगड्या खपवायचे. सातवीनंतर त्यांनी पुस्तकाला हात लावला नव्हता, तरी सगळी पेठ त्यांना डॉक्टर म्हणायची. आपल्याकडे डॉक्टरच्या बायकोला काही न शिकता डॉक्टरीणबाई म्हणतात. मग बायकोच डॉक्टर झाली तर नवऱ्याला काय म्हणायचं, असा प्रश्न चौकात कुणीतरी काढला आणि लोकांनी तो तिथल्या तिथे निकालात काढला.

ज्यांच्यामुळे युसूफभाई असे घरबसल्या डॉक्टर झाले, त्या जुबेदा आतार. आमच्या आतार सिस्टर. भोरमधल्या एका संस्थेच्या दवाखान्याला जोडून नर्सिंगची शाळा होती, तिथं त्या शिकवायच्या. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी त्यांच्या हाताखाली मास्तरीण म्हणून लागले. मी किकवीहून एस.टी.नं यायची. गाडीला उशीर झाला की त्याचा राग वाटेत भेटेल त्याच्यावर काढायची, आणि पहिल्याच आठवड्यात तो मी आतार सिस्टरांवर काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तू हायड्रोजन पेरॉक्साइड हायस बाई. फसफसतेस लई, पर त्यानं कुनी मरत न्हाई." त्या दिवसापासून माझं नाव फसफस पडलं. दवाखान्यात मला खऱ्या नावानं ओळखणारं कुणी राहिलं नाही. पगाराच्या दिवशी क्लार्कसुद्धा "फसफस मॅडम, सही," म्हणायचा.

अशी नावं त्या सगळ्यांना द्यायच्या आणि ती सगळी औषधांच्या कपाटातली असायची. एक विद्यार्थिनी प्रश्न विचारल्यावर बराच वेळ छताकडे बघायची आणि उत्तर दुसऱ्या दिवशी आणायची. ती इसबगोल. दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, ते एरंडेल. "घशाखाली उतरत न्हाईत, पर काम करत्यात," असा त्यामागचा आदर. सरांच्या कानावर हे नाव गेलं होतं. एकदा सिस्टरांच्या रजेच्या अर्जावर सही करताना ते म्हणाले, "घ्या, एरंडेलाची एक मात्रा." दोघंही एकमेकांना पुरून उरणारी माणसं होती.

सिस्टर उंचीनं बेताच्या होत्या, रुंदीनं नव्हत्या. आवाज असा की ऑपरेशनच्या खोलीबाहेर त्या बोलल्या तर आत पेशंटची भूल उतरेल, अशी सर तक्रार करायचे. पांढऱ्या कोटाच्या एका खिशात थर्मामीटर आणि दुसऱ्यात फुटाणे. थर्मामीटर कधी कधी विसरायच्या, फुटाणे कधीच नाही. पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही हा नर्सिंगमधला पहिला धडा. तो धडा त्या पेशंटच्या पलंगावर बसूनच शिकवायच्या. बसल्या की आधी पेशंटच्या हातावर चार फुटाणे ठेवायच्या. "त्वांड चालू आसलं की मानूस खरं बोलतं," असा त्यांचा सिद्धांत होता. "न चावता बोललं की समजायचं, पाठ करून आलंय."

आता त्यांच्या त्या प्रसिद्ध विषयाकडे येते. आमच्या भागात लोकांना ताप येतो, खोकला होतो, विंचू चावतो, ते सगळं वेगळं. त्याशिवाय निम्म्या लोकांना 'कसंतरी' होतं. "काय होतंय मावशी?" "कसंतरीच हुतंय." "दुखतंय का?" "दुखत न्हाई." "चक्कर?" "तसं न्हाई." "मग?" "आवं, कसंतरीच." यापुढे डॉक्टरांचं शास्त्र संपतं. ते केसपेपरवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहितात, एक शक्तीची गोळी देतात आणि "तुम्हाला काही नाही" असं सांगून पुढचा पेशंट बोलावतात.

आतार सिस्टरांना याचा फार राग यायचा. "काय न्हाई तर मंग ती बाई टेम्पोला लटकून कशाला आली? भोरची हवा खायाला?" त्या पेशंटजवळ बसायच्या, फुटाणे द्यायच्या आणि विचारायच्या, "कसंतरी म्हंजी कसं?" एवढं विचारून गप्प. बोलघेवडी बाई गप्प बसली की समोरच्याला अवघडल्यासारखं होतं आणि तो बोलायला लागतो. कुणाच्या पोटात गोळा उठलेला असायचा, कुणाला आपलंच घर परकं वाटत असायचं, कुणाला दिवेलागणीला रडू यायचं आणि का ते कळायचं नाही.

वर्गात त्यांनी पोरींना कसंतरीचे प्रकार शिकवले होते. जेवणाआधीचं, जेवणानंतरचं, सासू घरात असतानाचं आणि सासू गावाला गेल्यावरचं. शेवटचा प्रकार सगळ्यात अवघड, कारण त्यात बाईला स्वतःचीच लाज वाटते, असं त्या सांगायच्या. इसबगोलनं दुसऱ्या दिवशी विचारलं, "मॅडम, हे परीक्षेत लिहायचं का?" सिस्टर म्हणाल्या, "परीक्षेत पुस्तकातलं लिव्हा. हे वॉर्डात वापरा."

त्या दर वेळी बरोबर असायच्या असं मुळीच नाही. एकदा एक शेतकरी छातीवर हात ठेवून आला आणि म्हणाला, कसंतरी होतंय. सिस्टरांनी त्याला फुटाणे दिले आणि त्याच्या सुनेचा विषय काढला. सून हा त्याचा दुखरा भागच निघाला. गडी रंगात येऊन बोलायला लागला आणि बोलता बोलता घामानं न्हाला. तेवढ्यात मोठे सर आले, एक नजर टाकली आणि त्यांनी सगळ्यांना बाजूला सारलं. हृदयविकाराचा झटका होता. माणूस वाचला. सर सिस्टरांना जे बोलले ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं, आणि सिस्टरांनी पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही. पुढे ही गोष्ट त्या स्वतः प्रत्येक बॅचला सांगायच्या. "आदी नाडी बघा, मंग सून." तो शेतकरी घरी जाताना म्हणाला की झटका गेला ते ठीकच, पण सुनेबद्दल बोलून जास्त बरं वाटलं. सरांच्या देखत हे बोलायची काही गरज नव्हती.

आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, संस्थेची जीप नसरापूर-मार्गासनी करत वेल्ह्याला जायची. आतार सिस्टर, मी आणि दोन-तीन विद्यार्थिनी. तिथं आम्हाला जी खोली मिळाली होती ती जनावरांच्या दवाखान्याला चिकटून होती. अंगण एक, पायऱ्या एक. चुकून कोण कुठं शिरेल याचा नेम नसायचा. एकदा इसबगोल एका बाईचं म्हणणं ऐकून केसपेपर करत होती. नाव चंद्री, वय दोन वर्षं, तक्रार दोन दिवस काही खात नाही. सगळं सुवाच्य अक्षरात लिहून तिनं मायेनं सांगितलं, "आणा बाळाला आत." तर शेळी आत आली. सिस्टरांनी तो केसपेपर पुढे किती तरी दिवस भिंतीला लावून ठेवला होता.

त्याच खोलीत एकदा पुण्याच्या एका डॉक्टरांनी शिबिर घेतलं. बाहेर कापडी फलक लावला, 'मनोविकार तपासणी'. दिवसभर अंगणात चिटपाखरू फिरकलं नाही. बाजाराला आलेल्या बाया आमच्या दारावरून जाताना पदर ओढून घेत होत्या. एकीला सिस्टरांनी हाक मारली तर ती हात जोडून म्हणाली, "नगं वो सिस्टर. पोरीचं जमतंय कुठं कुठं. येड्यांच्या डाक्टरकडं गेले म्हनतील." त्या दिवशी शिबिरात एकच पेशंट आला, तो शेजारच्या दवाखान्यातून सुटलेला बोकड होता. डॉक्टर बिचारे चांगले होते, त्यांनी त्यालाही बिस्कीट दिलं.

हौसाबाई आम्हाला याच खोलीत भेटली. वेल्ह्याजवळच्या एका वाडीतली, साठीच्या पुढची, काटकुळी, आणि आवाजात आतार सिस्टरांच्या तोडीची. दर बाजाराला यायची आणि म्हणायची, "कसंतरी हुतंय." रक्त बरोबर, लघवी बरोबर, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. सिस्टर फुटाणे देत राहिल्या आणि गप्प बसत राहिल्या. अखेर एकदा हौसाबाई चावता चावता बोलली. तिची एक जाऊ होती. दोघींचं जन्मभर हाडवैर. सकाळी पाण्यावरून भांडण, दुपारी वाळवणावरून आणि संध्याकाळी सकाळच्या भांडणावरून. ती जाऊ गेली. लोक म्हणाले, सुटलीस हौसे. आणि तेव्हापासून हौसाबाईला कसंतरी व्हायला लागलं.

"आता सकाळी उठून भांडू कुनासंगं?" ती म्हणाली. "सुना चांगल्या हायत्या. उलटून बोलत न्हाईत. मेल्या तोंडाला तोंड देत न्हाईत."

मला वाटलं सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "जाऊ चांगलीच आसंल तुमची. तुमचं त्वांड बघूनच कळतंय, उकरून काडायची खोड तुमचीच."

हौसाबाईचं चावायचं थांबलं. तिनं सिस्टरांकडे नीट बघितलं. "तुमी कुठं व्हता बघायला?" तिनं विचारलं. मग आवाज चढला, मग सिस्टरांचा चढला, मग शेजारच्या दवाखान्यातला बैल दावं तोडायला बघायला लागला. "तुमी"वरून हौसाबाई "तू"वर आली तेव्हा सिस्टरांनी माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. जाताना हौसाबाईचा चेहरा तकतकीत दिसत होता. ती गोळ्या तिथंच विसरून गेली. पुढच्या बाजाराला दारातूनच तिनं सुरुवात केली, "मागच्या वक्ताला काय म्हनलीस गं तू मला?" मग हे दर आठवड्याचं झालं. जीपचा ड्रायव्हर निघायची वेळ हौसाबाईला विचारून ठरवायचा.

नवं शतक लागलं आणि सिस्टरांच्या डोक्यात पीएचडीचं खूळ शिरलं. एम.एस्सी. त्यांनी उशिरानं, पण मोठ्या हिमतीनं केलं होतं. पीएचडीला आधी शाखा निवडायची होती आणि मार्गदर्शक मिळवायचा होता. बाळंतपणाच्या शाखेतल्या एक बाई त्यांना घ्यायला एका पायावर तयार होत्या. मानसोपचार शाखेतही एक बाई होत्या, त्यांच्याकडे एकच जागा शिल्लक होती. मुलाखतीच्या दिवशी समितीसमोर एक शाखा सांगायची आणि मग मरेपर्यंत तीच, असं एकंदर प्रकरण होतं.

भोरमध्ये ही बातमी पसरली आणि प्रत्येकाला मत फुटलं. मोठे सर म्हणाले, अतिदक्षता विभागाचं काहीतरी घ्या, परदेशात मागणी आहे. सिस्टरांनी विचारलं, "परदेशात तुमाला मागणी न्हाई का, बघा की." दुकानात बांगड्या भरणाऱ्या बायका एकमुखानं बाळंतपणाच्या बाजूनं होत्या. युसूफभाई म्हणाले, मला काही कळत नाही, पण पाटीवर मावेल असं काहीतरी घे. एका कंडक्टरनं मला तिकीट देताना सांगितलं की मॅडमना सांगा, दातांचं घ्या, भोरात दातांचा माणूस कमी आहे. नर्सिंगचा आणि दातांचा संबंध काय, हे मी त्याला पार भोरच्या स्टँडपर्यंत समजावत बसले.

सिस्टर मात्र त्या दिवसांत गप्प गप्प होत्या. मी एकदा सवयीनं त्यांच्या खिशात हात घातला तर फुटाणे नव्हते. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

"काय झालंय?" मी विचारलं.

"कसंतरी हुतंय," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ बसले. माझ्याकडे फुटाणे नव्हते, शेंगदाण्याचा लाडू होता. तो खाता खाता त्या बोलल्या. "मला कसंतरीवर शिकायचंय, फसफस. ते फकस्त मानसोपचारात बसतंय. पर म्या मानसोपचार घेतला की वेल्ह्यात काय म्हनतील? येड्यांची सिस्टर आली. त्या शिबिरावानी हुईल. एक बाई पायरी चढायची न्हाई. आन् बाया आल्या न्हाईत तर म्या कुनाचा अभ्यास करू, बोकडाचा?"

"मग बाळंतपण घ्या."

"घेते की. मंग बाया येतील, पर त्यास्नी म्या इचारू काय? पाळी कधी आली? म्हातारीला काय इचारू?" त्यांनी लाडवाचा तुकडा खाली ठेवला. "हौसाबाईला कुठल्या शाखेत घालू, सांग."

एरवी मला उत्तर न सुचणं हे दवाखान्यात साजरं करण्यासारखं होतं, पण त्यांचा तो उतरलेला चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं.

मुलाखतीची हकिकत त्यांनी नंतर आम्हाला उभं राहून, सगळ्यांची सोंगं करत सांगितली. समितीनं विचारलं, अभ्यास कशावर करणार? त्या म्हणाल्या, कसंतरी होण्यावर. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, इंग्रजीत सांगा. सिस्टर म्हणाल्या, "इंग्रजी मला येतं सर. कसंतरीला येत नाही." बाळंतपणाच्या बाई अजूनही आशेनं बघत होत्या. सिस्टरांच्या तोंडून शेवटी मानसोपचार निघालं. का निघालं ते त्यांनाही सांगता येईना. बाळंतपण म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यापुढे हौसाबाई पदर खोचून उभी राहिली, असं त्या म्हणाल्या. मानसोपचाराच्या बाईंनी विषयाला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. ते नाव ऐकूनच आम्हाला कसंतरी झालं.

सिस्टरांना वाटत होतं, वेल्ह्यात कुणाला काही कळू न देता काम सुरू करावं. पण मोठे सर. एरवी कौतुक म्हणून जीभ न हलवणारा माणूस, पण आपल्या दवाखान्यातली पहिली पीएचडी म्हटल्यावर त्यांना राहवेना. कुणाला न विचारता त्यांनी वेल्ह्यातल्या बबन पेंटरला निरोप पाठवला की खोलीच्या दारावर पाटी रंगव. जुबेदा आतार, मानसोपचार परिचर्या. आम्हाला हे कळलं तेव्हा जीप मार्गासनीच्या पुढे गेली होती. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "एरंडेलानं शेवटी दावला इंगा." तोरणा समोर दिसायला लागला तसा ड्रायव्हरनं जीपचा वेग आपणहून कमी केला.

अंगणात पोचलो तर बायांची ही गर्दी. नेहमीपेक्षा जास्त. आम्ही एकमेकींकडे बघितलं. दारावर ताजी पाटी होती, निळ्यावर पांढरी, अक्षरं टपोरी. जुबेदा आतार, माणसोपचार परिचर्या.

बबन पेंटर कौतुक ऐकायला थांबलाच होता. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, मानस लिहायचं होतं. न."

"चिठ्ठीत तसंच हुतं," तो म्हणाला. "म्या सुधारलं. बोलाया आमी मानूस म्हनतो मॅडम, पर लिवायचं माणूस, ण बाणाचा. यवढं तर मला कळतंय." आपल्या शुद्धलेखनावर तो भलताच खूश होता.

तेवढ्यात एक बाई सिस्टरांना म्हणाली, "बरं झालं बाई, मान्सांच्या झालासा. आमी आपलं कवा शेळी घिऊन यायचो, कवा पोरगं. आता पाटीच लागली."

"व्हय," सिस्टर म्हणाल्या. "आता फकस्त मानसं."

दुपारी मी त्यांना गाठलं. म्हटलं, पाटी दुरुस्त करून घ्यायला हवी, हे फसवणूक केल्यासारखं होतंय. त्यांच्या खिशात फुटाणे परत आले होते. त्यातले दोन माझ्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "तू पेरॉक्साइड हायस ते बरंच हाय. पर समद्याच जखमंवर वतायचं नसतं." सर पाहणीला आले तेव्हा त्यांनीही पाटी वाचली. त्यांचा चेहरा आंबट झाला. सिस्टर म्हणाल्या, "सर, रंग वाळलाय." सर थोडा वेळ अंगणातली गर्दी बघत उभे राहिले आणि जीपमध्ये जाऊन बसले. पाटी तशीच राहिली.

पुढची वर्षं त्या पाटीखाली काम चाललं. ज्या बाईनं पोरीच्या लग्नापायी शिबिराला हात जोडले होते तीही आली, फुटाणे खाल्ले, आणि तिला रात्र रात्र झोप का लागत नाही ते सांगितलं. दोघीतिघींना पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं, त्या सिस्टरांबरोबर निमूट गेल्या. पीएचडी झाली. भोरात पेढे वाटले, ते युसूफभाईंनी, आणि लोकांनी अभिनंदन केलं तेही युसूफभाईंचं. सिस्टर घरी त्यांना 'आमचे डॉक्टर' म्हणायला लागल्या.

त्यानंतरची एक संध्याकाळ. बाया पांगल्या होत्या, मी आत पेटी आवरत होते आणि सिस्टर आणि हौसाबाई पायरीवर बसून नेहमीचं भांडण उरकत होत्या. भांडणाच्या भरात सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यासारखी येडी म्या जन्मात पाह्यली न्हाई." हा शब्द त्या खोलीत आम्ही कटाक्षानं टाळत होतो. माझा हात पेटीवर थांबला.

"म्हन की येडी," हौसाबाई म्हणाली. "येड्यांचंच तर शिकलीस तू."

सिस्टरांनी वर पाटीकडे बघितलं.

"मला काय कळत न्हाई व्हय? रेडूवर सांगत्यात सकाळच्याला, मानसोपचार म्हंजी काय त्ये. बबन्या पाटी रंगवत व्हता तवा म्या हितंच बसले हुते. काय लिवतोस रं म्हनलं. त्यानं सांगितलं. म्हनलं, मेल्या, मानूस लिवाया येत न्हाई व्हय तुला, शाळंत गेला हुतास का गुरं राखाया? लाजला आन् केला त्यानं ण. मंग बाजारात फिरून बायांस्नी सांगितलं, सिस्टर मान्सांची झाली, जनावरांचं बंद."

"तू कशापायी केलंस ते?" सिस्टरांचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता.

"कशापायी म्हंजी? बाया आल्या नसत्या तर तू कशाला आली असतीस वेल्ह्याला? आन् म्या भांडले असते कुनासंगं, तुज्या नवऱ्यासंगं?"

सिस्टरांनी खिशात हात घातला, होते नव्हते तेवढे फुटाणे काढले आणि हौसाबाईच्या ओंजळीत ओतले. मग दोघी बराच वेळ नुसत्या चावत बसल्या. मी आतून बाहेर गेले नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दिसलं असतं तर दोघींनी मिळून माझी खरडपट्टी काढली असती.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आतच गेल्या. आधी नाडी बघा असं सगळ्यांना सांगणाऱ्या बाईनं स्वतःची कधी बघितली नव्हती. भोरला मातीला मोठी गर्दी होती आणि युसूफभाई सगळ्यांना "बसा, बसा" म्हणत उभे होते. पण मला त्या आठवतात त्या वेल्ह्याच्या स्टँडवर. निवृत्तीच्या आधीचा शेवटचा बाजार. संस्थेची जीप ऐन वेळी बिघडली म्हणून त्या आमच्या पोरींना घेऊन भोरकडे एस.टी.नं निघाल्या होत्या. मी मागे थांबणार होते, खोलीची किल्ली आता माझ्याकडे होती. सिस्टर खिडकीत बसलेल्या, आणि खिडकीखाली हौसाबाई.

"परत त्वांड दावू नगंस हितं," हौसाबाई म्हणत होती.

"तुझं बघायची हौस कुनाला हाय?" सिस्टर म्हणाल्या.

गाडी सुरू झाली. हौसाबाई दोन पावलं गाडीबरोबर चालली आणि थांबली. माझ्याकडे वळून, अगदी पहिल्या दिवशीच्या आवाजात म्हणाली, "पोरी, कसंतरीच हुतंय गं."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं होतं. मी पदर खोचला आणि म्हणाले, "चालत्या गाडीबरोबर पळायचं वय आहे का तुमचं? अक्कल विकून खाल्ली काय?"

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी कोन मला सांगनार?" ती म्हणाली. मग पदर खोचला. "कालची पोर तू."

गाडी वळणाला लागली होती. सिस्टरांनी खिडकीतून अर्ध्याअधिक बाहेर येऊन आमच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड हलत होतं. फुटाणे चावत होत्या, की आमच्या भांडणात तिकडून भर घालत होत्या, ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.